लेबलवर जाऊ नका

अमेरिकन जॅझ गायिका आणि बँडलीडर ब्लांच कॅलोवेचं ‘जस्ट अ क्रेझी साँग’ आधी आलं आणि धाकट्या भावाने, गायक कॅब कॅलोवेने, त्यातली ‘हाय-डी-हो’ची सवाल-जवाबाची तऱ्हा (गायकाने हाक द्यायची, बँडने ओ द्यायची) उचलली, असं म्हटलं जातं. श्रेय ब्लांचला मिळायलाच हवं, पण तारखा उलट्या आहेत. कॅबच्या ‘मिनी द मूचर’चं रेकॉर्डिंग ३ मार्च १९३१ चं, ब्लांचच्या गाण्याचं त्याच वर्षीच्या २७ मार्चचं. तबकड्यांवरून कोण कुणाचं शिकलं हे ठरत नाही. कॅबला रंगमंचावर आणलं तिनेच, ‘प्लँटेशन डेज’ या नाचगाण्यांच्या कार्यक्रमात, आणि ते त्याच्या कितीतरी आधी.

आणखी एक गफलत नेहमी होते. २ मार्चला रेकॉर्ड झालेल्या, व्हिक्टर कंपनीच्या तबकड्यांवर ‘ब्लांच कॅलोवे अँड हर जॉय बॉइज’ छापलंय खरं, पण वाजवणारा ताफा दुसऱ्याच बँडलीडरचा, अँडी कर्कचा आहे. तिने तो ताफाच आपल्याकडे ओढायचा घाट घातला होता, तो फसला, मग स्वतःची माणसं जमवली. म्हणजे बाई बँडलीडर म्हणून कशी होती हे ऐकायचं तर २७ मार्चपासून पुढचं ऐका. टेनर सॅक्सवर बेन वेब्स्टर, ड्रमवर कोझी कोल ही मंडळी याच जॉय बॉइजमधली. सगळे पुरुष, आणि समोर छडी घेऊन ती!