जुना अॅक्रिलिक ड्रम किट: हेड (ड्रमवर ताणलेले पडदे) कोणते घ्यावेत आणि ट्यून कसे करावेत?

सैल_रॉड:
सत्तरच्या दशकातला लुडविग विस्टालाइट, पारदर्शक अंबर. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) 22×14, रॅक टॉम 13×9, फ्लोअर टॉम 16×16, सगळं इंचांत. सगळीकडे जुने सिंगल-प्लाय (एका थराचे) क्लिअर हेड आहेत आणि बॅटरवर (काठी लागते त्या हेडवर) खळगे पडलेत, म्हणजे बदलायचेच आहेत. तक्रारी तीन:

13 च्या टॉमला एका लगपाशी (हेड ताणणारा रॉड जिथे बसतो तो धातूचा भाग) स्वर जुळतच नाही. बाकी पाच लग एकसारखे वाजतात, सहावा कायम खाली.
16 चा फ्लोअर टॉम वाजल्यावर 'वॉव-वॉव' करत घुमतो, आणि आतून कुठूनतरी बारीक कुरकुर येते.
किकच्या एका लगच्या स्क्रूपासून केसाएवढी चीर निघालीय, साधारण 1 सेंमी.

निम्मे कार्यक्रम छोट्या हॉलमध्ये बिनामाइकचे, निम्मे माइक लावून. दोन-प्लाय घ्यावेत की ऑइलवाले (दोन थरांमध्ये तेल असलेले)? अॅक्रिलिकला ट्यूनिंग वेगळं करावं लागतं का?

कडेलोट:
हेडची ऑर्डर देण्याआधी शेल, म्हणजे ड्रमचं नळकांडं, तपासा. पाच लग जुळतात आणि एक जुळत नाही ही तक्रार नव्वद टक्के वेळा हेडची नसतेच.

सोपी चाचणी. 13 चं बॅटर सैल करा, फक्त हेड दोन लगएवढं फिरवा, हूप (हेड दाबून धरणारी कडी) होता तिथेच ठेवा आणि पुन्हा ताणा. खराब जागा हेडबरोबर सरकली तर दोष हेडचा. जागेवरच राहिली तर आता हूप फिरवून बघा. हूपबरोबर सरकली तर हूप वाकडा. तरीही जागेवरच असेल तर शेलची कड.

कड तपासायला सगळे सांगतात की सपाट काचेवर शेल उपडा ठेवा, आत दिवा लावा आणि फटीतून येणारा उजेड शोधा. लाकडाला हे ठीक आहे. पारदर्शक अॅक्रिलिकमध्ये उजेड भिंतीतूनच येतो, कडही चमकते, त्यामुळे डोळा फसतो. त्यापेक्षा साध्या छपाईच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. हा कागद साधारण 0.1 मिमी जाडीचा असतो. प्रत्येक लगखाली एक पट्टी ठेवून त्यावर शेल टेकवा आणि एकेक पट्टी ओढा. सगळ्या सारख्याच अडकल्या पाहिजेत. एखादी अलगद सुटून आली की तिथे कड खाली गेलेली आहे.

शेलचा उभा जोडही नखाने चाचपा. हे शेल म्हणजे साधारण 6 मिमीचा पत्रा गरम करून वळवलेला आणि टोकाला टोक चिकटवलेला. जोडापाशी दोन्ही टोकं एका पातळीत नसली की कडेवर बारीक पायरी राहते, आणि रुसलेला लग बहुतेक त्याच्या शेजारचाच निघतो. रंगीत पट्ट्यांच्या शेलमध्ये तर असे जोड अनेक असतात, ते आणखी जपून हाताळावेत.

दुहाती:
कडेलोट यांच्याशी सहमत, पण शेल ठीक निघाला असं धरून हेडचं सांगतो.

अॅक्रिलिक कडक आणि आतून गुळगुळीत. स्ट्रोकचा कडकपणा आणि वरचे स्वर भरपूर मिळतात, म्हणून 10 मिलचं सिंगल-प्लाय क्लिअर लावलं की टॉम टणटणतो. (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 10 मिल म्हणजे पाव मिमी.) टॉमच्या बॅटरला रेमो एम्परर कोटेड किंवा इव्हान्स जी2 कोटेड घ्या. दोन्हींत 7 मिलचे दोन थर असतात. खाली रेझोनंटला (न वाजवायच्या खालच्या हेडला) अँबॅसडर क्लिअर किंवा जी1 क्लिअर, म्हणजे 10 मिलचा एकच थर. रेझोनंटलाही दोन-प्लाय लावायचा मोह टाळा. खालचं हेड जड झालं की टॉमचा घुमारा जातो, मग माणूस वरचं हेड आवळत बसतो आणि ड्रम आणखी कोरडा होतो.

ऑइलवाल्या हायड्रॉलिकचा 'थप्' हा सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डिंगचा आवाज आहे. जवळ माइक असेल तर मजा येते. बिनामाइकच्या हॉलमध्ये तो तिसऱ्या रांगेपुढे पोचत नाही. तुमचे निम्मे कार्यक्रम तसे, म्हणून नको. पिनस्ट्राइपचंही थोड्याफार फरकाने तेच. त्या काळाचाच चेहरा हवा असेल तर मध्यभागी ठिपका असलेलं सीएस ब्लॅक डॉट चांगला मधला मार्ग आहे. मधला वाजवायचा भाग जाड, कडेला सिंगल-प्लायची मोकळीक.

घुमारा:
कोटेडच का? क्लिअर दोन-प्लायमध्ये काठीचा आघात जास्त स्पष्ट येतो, आणि पारदर्शक किटवर वरून पांढरं हेड म्हणजे खिडकीला वर्तमानपत्र चिकटवल्यासारखं.

दुहाती:
दिसण्याचा मुद्दा मान्य, पण प्रेक्षकाला शेल बाजूनेच दिसतो आणि खालून उजेड क्लिअर रेझोनंटमधून येतोच. आवाजाचं म्हणाल तर आघात अॅक्रिलिककडे आधीच जास्त आहे. कोटिंगमुळे वरचे स्वर किंचित दबतात, तेवढंच इथे हवं आहे. सगळे कार्यक्रम माइकवर असते तर मीही क्लिअरच सुचवलं असतं.

सैल_रॉड:
चाचणी केली. हेड फिरवलं, हूप फिरवला, दोष जागेवरच. जोडाच्या उजवीकडच्या लगखालची पट्टी सुटून येते, बाकी अडकतात. दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर अडकतात. आता?

कडेलोट:
बाकी कडही एकेका पट्टीवर टेकलेली आहे, म्हणजे तिथे कड फार तर 0.1 मिमीने खाली. हाताने निघते. राउटरच्या (कड कापणाऱ्या फिरत्या पात्याच्या यंत्राच्या) वाटेला जाऊ नका. अॅक्रिलिक तापलं की वितळून पात्याला चिकटतं आणि घाई केली की कडेचा टवका उडतो.

जाड काच किंवा ग्रॅनाइटची सपाट लादी घ्या. त्यावर 320 नंबरचा वॉटरपेपर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने सपाट बसवा, एकही सुरकुती नको. शेलच्या कडेच्या माथ्यावर सगळीकडे पेन्सिलची रेघ ओढा. पेपर ओला करून शेल फक्त स्वतःच्या वजनाने गोल फिरवत घासा, वरून दाबू नका. दर आठ-दहा फेऱ्यांनी शेल पाव वळण फिरवून धरा, नाहीतर तुमच्या जोराच्या हाताची बाजू जास्त झिजते. खोलगट जागेवरची पेन्सिल सगळ्यात शेवटी जाईल. ती गेली की थांबा. मग 600 च्या पेपरने माथ्याची आतली-बाहेरची धार नुसती मोडा. माथा 1 मिमीपेक्षा जास्त सपाट झाला असेल तर उतार पुन्हा काढावा लागतो. ते काम ड्रमच्या कडा करणाऱ्या जाणकाराकडे द्या.

नवं हेड बसवताना ते स्वतःच्या वजनाने शेलवर उतरलं पाहिजे आणि बोटाने फिरलं पाहिजे. घट्ट बसत असेल तर शेल लंबगोल झालाय. चार दिशांनी व्यास मोजा, जिथे सगळ्यात जास्त भरेल तिथेच हेड अडकतं.

घुमारा:
ट्यूनिंगचं मी सांगतो. अॅक्रिलिकसाठी वेगळी पद्धत नाही, फक्त चुका जास्त ऐकू येतात.

आधी सगळे रॉड काढून पुसा, आट्यांना व्हॅसलिनचं बोट लावा, वॉशर शाबूत आहेत का बघा. रॉड आट्यांत अडकत असेल तर चावीवरचा जोर तुम्हाला खोटं सांगतो.

खालचं हेड आधी. सगळे रॉड बोटाने टेकेपर्यंत. मग समोरासमोरच्या क्रमाने, 13 ला 1-4-2-5-3-6 आणि 16 ला 1-5-3-7-2-6-4-8, प्रत्येकी अर्धी फिरकी. सुरकुत्या गेल्या की पाव, नंतर त्याहून कमी. मध्ये तळवा ठेवून हेड एकदा हलकं दाबा म्हणजे कडेवर बसतं. अंगाचा भार टाकू नका, खाली अॅक्रिलिक आहे.

मग दुसरी बाजू टॉवेलवर दाबून गप्प करा आणि कडेपासून साधारण 3 सेंमी आत, प्रत्येक लगसमोर, काठीच्या टोकाने हलकं वाजवा. फोनवरच्या ट्यूनरने आकडे घेतले तर हे सुरुवातीला धरा:

13 चा टॉम: बॅटर लगपाशी 174 हर्ट्झ, रेझोनंट 207. दोन्ही हेड मोकळे ठेवून मध्यावर मारलं की मूळ स्वर 116 च्या आसपास.
16 चा फ्लोअर: बॅटर 131, रेझोनंट 156, मूळ स्वर 87 च्या आसपास.

116 आणि 87 मध्ये षड्ज-मध्यमाचं अंतर आहे. दोन टॉम वेगळे ऐकू येतात आणि जोडीनेही शोभतात. तुमच्या शेलवर दोन-चार हर्ट्झ इकडेतिकडे होईल, त्याला धरून बसू नका. लग एकमेकांशी जुळणं जास्त महत्त्वाचं. स्वर वर गेला तर नुसता सैल करून सोडू नका: इच्छित स्वराच्या खाली जा आणि पुन्हा वर या. सैल करून सोडलेला रॉड वाजवताना आणखी सरकतो.

आता 'वॉव-वॉव'. दोन स्वर जवळजवळ सारखे, पण नेमके सारखे नसले की ते एकमेकांवर आदळून असे हेलकावे येतात. ते एकाच हेडच्या दोन लगांतही होतं आणि वर-खालच्या हेडांतही. आधी प्रत्येक हेड स्वतःशी जुळवा. तरी राहिलं तर वर-खालचं अंतर वाढवा. वरचे आकडे म्हणूनच तीन अर्धस्वरांनी लांब ठेवलेत. मूनजेल (आवाज दाबणारा मऊ जेलचा तुकडा) हेडवर चिकटवणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

बारीक कुरकुर मात्र हेडची नाही. त्या काळच्या लगमध्ये नट धरून ठेवायला आत स्प्रिंग असते, ती थरथरते. एकेका लगवर बोट दाबून फ्लोअर वाजवा, ज्यावर कुरकुर थांबेल तो लग उघडा आणि स्प्रिंगला पातळ फेल्ट किंवा फोमची पट्टी गुंडाळा. तसंच फ्लोअर टॉमच्या पायांखाली बोटभर जाडीचा मऊ फोम ठेवून एकदा ऐका. कडक जमिनीवर पाय रोवले की घुमारा तिथेच मरतो.

दुहाती:
किक राहिली. 22×14 उथळ आहे, तिला उशा-रजया भरू नका. बॅटरला पॉवरस्ट्रोक 3, त्याच्या कडेला आतून दाबपट्टी असतेच. पुढे सिंगल-प्लाय, छिद्राशिवाय. बॅटर सुरकुत्या जाईपर्यंत आणि वर पाव-अर्धी फिरकी, पुढचं हेड त्याहून किंचित ताणलेलं. फारच घुमली तर बॅटरच्या आतून, मध्यापासून बाजूला, 3 इंच रुंद फेल्टची पट्टी हेडखाली ताणून घ्या. माइकसाठी छिद्र लागलंच तर 4-5 इंचांचं, मध्यावर नाही, कडेकडे.

कडेलोट:
चिरेकडे दुर्लक्ष करू नका. त्या लगचा स्क्रू आधी सैल करा, ताण तिथूनच येतोय. चिरेच्या अगदी टोकाला 2 मिमीचं भोक हळू फिरणाऱ्या ड्रिलने, मागे लाकडाचा तुकडा धरून पाडा. चीर तिथे थांबते. भोक टोकाच्या अलीकडे पडलं तर काही उपयोग नाही, म्हणून भिंगातून बघून खूण करा. मग अॅक्रिलिकचं पाण्यासारखं पातळ सॉल्व्हंट सिमेंट सुईच्या बाटलीने चिरेत सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. सुपरग्लू नको, त्याने भोवती पांढुरके तडे उठू शकतात.

लग परत लावताना लग आणि शेल यांच्यामध्ये पातळ रबर किंवा प्लास्टिकचं गॅस्केट, आतून मोठा वॉशर, आणि स्क्रू टेकल्यावर फार तर पाव फिरकी. आटे सुटू नयेत म्हणून थ्रेडलॉकर लावायची सवय असेल तर इथे अजिबात नको. ते द्रव स्क्रूच्या भोकाभोवती अॅक्रिलिकला तडे पाडतं. अमोनियाचा काच-क्लीनर, स्पिरिट, अॅसिटोन यांचंही तेच. पुसायला सौम्य साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबर. जुन्या स्टिकरचा चिकटपणा केरोसीनच्या बोळ्याने काढून लगेच साबणाने धुवा.

उन्हात उभ्या गाडीत किट ठेवू नका. अॅक्रिलिक दर अंशाला मीटरमागे साधारण 0.07 मिमी वाढतं, स्टील त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढंच. 22 इंची शेल 20 अंशांनी तापला तर व्यास पाऊण मिमीने वाढतो, धातूचे लग मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि सगळा ताण स्क्रूच्या भोकांवर येतो. हॉलमध्ये पोचल्यावर किट उघडून अर्धा तास तसाच ठेवा, ट्यूनिंग त्यानंतर.

सैल_रॉड:
सिमेंट भरल्यावर किकचं हेड कधी चढवू?

कडेलोट:
हात लावायला काही मिनिटांत घट्ट वाटेल, पण ताण 24 तासांनीच द्या. पहिला आठवडा त्या लगचा रॉड बाकीच्यांपेक्षा पाव फिरकी सैल राहिला तरी चालेल, किकमध्ये ऐकू येणार नाही.