तातडीने मदत हवी आहे: माझे संशोधनाचे पेपर नक्की किती धरायचे, ९, २२ की ३१?

निळाई
नमस्कार मंडळी, खूप अडकलेय, कुणीतरी लवकर सांगा. सीनियर सायंटिस्टच्या पोस्टचा फॉर्म भरतेय, त्यात एकूण प्रकाशनं, सायटेशन (दुसऱ्यांनी आपल्या पेपरचे दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स (त्या संदर्भांवरून निघणारा आकडा) असे तीन रकाने आहेत आणि खाली 'पुरावा जोडा'. संस्थेतल्या डेटाबेसमध्ये माझे ९ पेपर दिसतात, एच-इंडेक्स ५. गूगल स्कॉलर या शोधयंत्रावर ३१. माझ्या स्वतःच्या फाइलमध्ये २२. व्हायरॉलॉजीत १४ वर्षं काढली, रात्री अकरा अकराला जाऊन पेशी बघितल्यात, आणि आता माझंच काम मला मोजता येत नाहीये. कुठला आकडा लिहू? उगाच तत्त्वज्ञान नको, उपाय सांगा प्लीज.

प्रयोगवही
डेटाबेस कुठला? फॉर्ममध्ये कुठला मागितलाय? शेवटची तारीख कधी? ऑर्किड आयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) आहे का? २२ मधले सगळे पीअर रिव्ह्यू झालेले, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासलेले आहेत का? यातलं काहीच न सांगता आकडा कसा सांगणार कुणी.

रानवारा
३१ लिहा. गूगल स्कॉलर सगळ्यात जास्त गोळा करतं, मी तेच लिहितो आणि मला आजपर्यंत कुणी काही विचारलेलं नाही.

ग्रंथालयवाली ताई
रानवारा, असं सांगू नका हो तिला. स्कॉलर जास्त गोळा करतं म्हणजे प्रबंध, परिषदेचे ॲबस्ट्रॅक्ट (सारांश), प्रीप्रिंट (तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले मसुदे), एकाच पेपरच्या दोन दोन नोंदी आणि कधी कधी सारख्या नावाच्या भलत्याच माणसाचे पेपरसुद्धा. प्रोफाइलमध्ये आपोआप भर पडू द्यायची असं सेटिंग चालू असेल तर आपल्याला कळतही नाही. निळाई, ती ३१ नावं एकदा एकेक करून वाच बघू.

निळाई
तारीख शुक्रवार. फॉर्ममध्ये 'मान्यताप्राप्त डेटाबेस' एवढंच लिहिलंय. ऑर्किड मागे कधीतरी काढलं होतं, रिकामंच आहे. ताई, ३१ वाचले. त्यातले ८ माझे नाहीतच!! मिरचीवरच्या विषाणूचे आहेत, मी आयुष्यात झाडावर काम केलेलं नाही, माझं सगळं श्वसनमार्गाच्या विषाणूंवर. आणि २ दुबार आहेत. म्हणजे २१ उरले. पण मग ९ का दाखवतंय तिकडे? व्हायरसचं नाव टाकूनही शोधलं, तरी सगळे येत नाहीत.

सूक्ष्मदर्शी
व्हायरसच्या नावाने शोधूच नका, त्यात फसायला होतं. विषाणूंच्या नावांचं काम बघणारी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीटीव्ही, त्यांनी प्रजातींना द्विनाम पद्धत लावली. आपण सगळे श्वसनमार्गाच्या ज्या विषाणूला आरएसव्ही म्हणतो त्याची प्रजाती आता ऑर्थोन्यूमोव्हायरस होमिनिस. जुन्या पेपरात एक नाव, नव्यात दुसरं, त्यामुळे शोधात अर्धे गळतात. लेखकाच्या नावाने किंवा डीओआयने (प्रत्येक पेपरचा कायमचा क्रमांक) शोधा.

ग्रंथालयवाली ताई
आणि निळाई, एक काम कर. तुझ्या पहिल्या पेपरवर तुझं नाव कसं छापलंय आणि शेवटच्यावर कसं, जसंच्या तसं इथे (खरं नाव नको, नुसती पद्धत) सांग. आडनाव, आद्याक्षरं, संस्था, सगळं.

निळाई
अगं ताई, २०१५ पर्यंत माहेरचं आडनाव होतं! नंतर सासरचं. हे इतकं उघड होतं की सांगायचं सुचलंच नाही. आता जुन्या आडनावाने शोधलं तर वेगळीच प्रोफाइल आहे, तिच्यात ७ पेपर, एच-इंडेक्स ६. ते माझे पीएचडीचे सगळे. डोळ्यांत पाणी आलं खरं सांगते. मग एच-इंडेक्स ५ + ६ = ११ लिहू का?

प्रयोगवही
नाही नाही, एच-इंडेक्सची बेरीज होत नसते! एच-इंडेक्स १० म्हणजे किमान १० पेपर असे की प्रत्येकाला किमान १० सायटेशन. दोन्ही प्रोफाइलमधले १६ पेपर एका यादीत घे, सायटेशनप्रमाणे उतरत्या क्रमाने लाव आणि मोजत खाली ये. जिथे क्रमांक सायटेशनपेक्षा मोठा होतो त्याच्या आधी थांब.

निळाई
लावले. ४१, ३३, २८, १९, १७, १४, ११, १०, ८, ६, ६ आणि पुढे सगळे त्याहून कमी. आठव्याला १०, नवव्याला ८. म्हणजे ८?

प्रयोगवही
८. बरोबर.

वर्तुळ
मला हे सगळं वाचून त्रास होतोय. एच-इंडेक्स हा २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढला आणि आज विषाणूवर काम करणाऱ्या बाईची १४ वर्षं त्यात कोंबायची? ज्या विषाणूवर जगात मोजके लोक काम करतात त्याला सायटेशन येणार कुठून, आणि साथ आली की त्याच विषयाच्या पेपरांना रातोरात शेकड्यांनी सायटेशन मिळतात, त्यात कामाचा दर्जा बदलला का? डोराचं निवेदन (संशोधन कसं मोजावं याबद्दलचा जाहीरनामा) २०१३ पासून हेच सांगतंय की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन येतात तो आकडा) माणूस मोजू नका. पेटन राउस या शास्त्रज्ञाने कोंबडीच्या गाठीचा अर्क गाळून त्यातून कॅन्सर पसरतो हे १९११ मध्ये छापलं, नोबेल मिळालं १९६६ मध्ये. १९१५ साली त्याचा एच-इंडेक्स काढून कुणी काय ठरवलं असतं?

रानवारा
वर्तुळ, मुद्दा पटतो पण फॉर्ममध्ये रकाना आहे ना. रिकामा ठेवला तर छाननीतच बाहेर.

वर्तुळ
रिकामा ठेवा म्हणत नाहीये. शेजारी किंवा कव्हर लेटरमध्ये पाच निवडक पेपर आणि प्रत्येकात स्वतः काय केलं ते दोन ओळीत लिहा म्हणतोय. समितीत एक तरी माणूस वाचणारा असतो.

ग्रंथालयवाली ताई
हे मात्र चांगलं सांगितलंत. आता निळाई, क्रमाने: आधी ऑर्किड भर, तो १६ आकडी नंबर आडनाव बदललं तरी तोच राहतो, आणि त्यात 'या नावानेही ओळखले जाते' असा रकाना असतो, तिथे माहेरचं नाव टाक. मग प्रोफाइल एकत्र करायची विनंती. स्कोपस या डेटाबेसमध्ये दोन ऑथर प्रोफाइल मर्ज (एकत्र) करायला सांगता येतं, तशाच वेब ऑफ सायन्समध्ये आपली प्रोफाइल क्लेम करून पेपर जोडता येतात. शुक्रवारपर्यंत होईलच असं नाही, म्हणून दोन्ही प्रोफाइलचे तारखेसकट स्क्रीनशॉट आणि नाव बदलल्याचा कागद पुरावा म्हणून जोड. स्कॉलरमधले मिरचीचे ८ आजच काढ, ते दुसऱ्या कुणाचे कष्ट आहेत.

प्रयोगवही
पण १६ झाले, तुझ्या यादीत २२. बाकीचे ६ कुठले?

निळाई
२ प्रीप्रिंट (त्यातला एक नंतर जर्नलमध्ये आला, तो १६ मध्ये आहेच), २ परिषदेतले ॲबस्ट्रॅक्ट, १ एका छोट्या जर्नलमध्ये जे कुठल्याच डेटाबेसमध्ये नाही. आणि एक... त्यात माझं नाव लेखकांत नाही, आभारात आहे. पण मी तो माझाच धरते. त्यातल्या दुसऱ्या आकृतीतल्या सगळ्या प्लेटा माझ्या आहेत. सहा खळग्यांची प्लेट, क्रिस्टल व्हायोलेटच्या जांभळ्या थरात पांढरी गोल भोकं, प्रत्येक भोक म्हणजे एका विषाणूपासून सुरू झालेली पेशींची मोडतोड. तिसऱ्या खळग्याच्या कडेला माझ्या पिपेटच्या टोकाचा ओरखडा आहे, तो छापलेल्या फोटोतही दिसतो. तीन महिने मोजत होते.

रानवारा
मग तर तुम्ही लेखकच! डेटा ज्याचा त्याचं नाव पाहिजे, सरळ यादीत ठेवा.

प्रयोगवही
नाही, यादीत ठेवू नको. पेपरवर लेखक म्हणून नाव नसताना यादीत धरलं तर उद्या तुझ्या बाकीच्या १६ वरही शंका घेतील. हां, तुझ्यावर अन्याय झाला असू शकतो. लेखक कुणाला म्हणायचं याचे आयसीएमजेईचे (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार निकष आहेत: एक, संकल्पना, डेटा किंवा विश्लेषणात भरीव वाटा; दोन, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग; तीन, अंतिम मान्यता; चार, जबाबदारी. चारही लागतात. पण त्यातच पुढे म्हटलंय की पहिला निकष पूर्ण करणाऱ्याला बाकीच्यांची संधी द्यायला हवी. तुला मसुदा दाखवलाच नसेल तर चूक तिथे झाली.

निळाई
दाखवलाच नव्हता. छापून आल्यावर कळलं.

सूक्ष्मदर्शी
थोडं अवांतर, पण तुमच्या पीएचडीच्या पेपरात हेप-२ पेशी वापरल्या असतील तर एक लक्षात ठेवा, त्या स्वरयंत्राच्या कॅन्सरच्या म्हणून ओळखल्या जायच्या, पण खरं तर त्यात हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) घुसलेल्या आहेत. आरएसव्ही त्यांच्यात वाढतो म्हणून वापरायला हरकत नाही, पण पुढच्या पेपरात तसं स्पष्ट लिहा आणि मायकोप्लाझ्माची (पेशींत नकळत शिरणारा जिवाणू) तपासणी केल्याचंही लिहा.

निळाई
हेप-२ च होत्या हो, पण हे आत्ता कुणी विचारलं 🙏 लिहीन पुढच्या वेळी.

आभाळवाट
आडनावावरून आठवलं म्हणून लिहिते. जून अल्मेडा, जिने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली माणसातला कोरोनाव्हायरस पाहिला, ती जन्माने जून हार्ट, सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागली. आधी पाठवलेल्या पेपरवर परीक्षक म्हणाले होते की हे इन्फ्लुएंझाचेच वाईट फोटो आहेत. मग १९६७ मध्ये टायरेल या विषाणूतज्ज्ञासोबत जर्नल ऑफ जनरल व्हायरॉलॉजीत आलं. तिचं गाजलेलं काम लग्नानंतरच्या नावाने छापलेलं आहे म्हणून एकत्र सापडतं. निळाई, तुझी ती ७ जुनी तशीच हरवू देऊ नकोस.

मधमाशी
माझ्या मुलीला बारावीनंतर मायक्रोबायोलॉजी घ्यायचंय, स्कोप आहे का? नोकरी मिळते का लगेच?

ग्रंथालयवाली ताई
मधमाशी, वेगळा धागा काढा ना, तिथे नक्की सांगू.

निळाई
अपडेट. गुरुवारी रात्री फॉर्म पाठवला. प्रकाशनं १६, एच-इंडेक्स ८, दोन्ही प्रोफाइलचे स्क्रीनशॉट आणि नावबदलाचं राजपत्र जोडलं. सायटेशनची बेरीज दोनदा तपासली, एकाच पेपरने माझ्या दोन पेपरांचा संदर्भ दिला असेल तर ते दोनदाच धरायचं ना ते डोक्यात आल्यावर. प्रीप्रिंट, ॲबस्ट्रॅक्ट आणि तो छोट्या जर्नलमधला वेगळ्या शीर्षकाखाली. पाच निवडक पेपरवर दोन दोन ओळी लिहिल्या, त्यातले तीन माहेरच्या नावाचे निघाले. मर्जची विनंती गेलीये, अजून उत्तर नाही. आता त्या आभारवाल्या पेपरबद्दल जुन्या गाइडना मेल लिहायला घेतलीये. प्रयोगवही, प्रयोगाच्या नोंदवहीच्या पानांचे फोटो पहिल्याच मेलमध्ये जोडू की आधी नुसतं विचारू?

प्रयोगवही
आधी नुसतं विचार, दोन परिच्छेदांत, कुठल्या तारखांना कुठली आकृती केली एवढंच. लेखक वाढवायचा तर जर्नलला सगळ्या लेखकांची संमती लागते, त्यामुळे त्यांना पहिल्याच मेलमध्ये बचावाला उभं करू नकोस. वहीची पानं मात्र आजच स्कॅन करून ठेव, आणि त्या प्लेटच्या फोटोची मूळ फाइल आहे का बघ, ओरखड्यासकट.