सामायिक डेटा फोल्डर, डेबियन १२ (लिनक्स): परवानग्या कशा लावू?

पाऊसवेडी: आमच्या लॅबच्या सर्व्हरवर पाच जण एसएसएचने (दुरून, टर्मिनलवरून) लॉगिन करून काम करतात. सामायिक फोल्डरमध्ये एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, पण सेव्ह करायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. शिवाय 'थीसिस' फोल्डरमध्ये फक्त मी आणि सर जाऊ शकलो पाहिजे. बजेट शून्य. नवीन काही घ्या म्हणून सांगू नका प्लीज.

टर्मिनल_तात्या: चमॉड (परवानग्या बदलायची कमांड) -आर ७७७, म्हणजे आतल्या सगळ्यावर सगळ्यांना पूर्ण परवानगी. विषय संपला. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चाललंय.

बॅकअपवाला: सिनॉलॉजीचा दोन डिस्कवाला नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स) घ्या. ब्राउझरमधून टिकमार्क केलं की झालं. मी घेतल्यापासून काळ्या स्क्रीनचं तोंड पाहिलेलं नाही.

पाऊसवेडी: बजेट शून्य म्हटलंय हो.

सुडोसम्राट: तात्या, थीसिस फोल्डरही सगळ्यांना मोकळं करणार का? आमच्या एका इंटर्नने ७७७ देताना बिंदू आणि तिरक्या रेघेच्या मध्ये एक स्पेस सोडली. कमांड थेट रूटवर, म्हणजे अख्ख्या सिस्टिमवर चालली. सेटयूआयडी बिट (प्रोग्राम मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) उडाल्यामुळे सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) बंद, आणि लॉगिनच्या किल्लीची फाइल सगळ्यांना लिहिता येते म्हणून एसएसएचही आत घेईना. शनिवार-रविवार त्यातच गेला.

टर्मिनल_तात्या: तो दोष स्पेसचा, ७७७ चा नाही.

गटप्रमुख: ताई, 'डेटा' नावाचा ग्रुप करा, फोल्डरचा ग्रुप तोच ठेवा आणि चमॉड २७७० द्या. ७७० म्हणजे मालक आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काही नाही. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे नवीन फाइलला आपोआप फोल्डरचा ग्रुप लागतो. थीसिससाठी दोघांचा वेगळा ग्रुप. माणसं ग्रुपमध्ये घालताना यूजरमॉड कमांडला -एजी द्या, नुसतं -जी नको. मी 'ए' विसरलो आणि स्वतःच सुडो ग्रुपमधून बाहेर पडलो.

सांडगीमिरची: २७७० करा. सेटजीआयडी महत्त्वाचा.

गटप्रमुख: तेच लिहिलंय वर.

उमास्क_उवाच: अर्धंच सांगताय. उमास्क (नवीन फाइलमधून कोणत्या परवानग्या वगळायच्या तो आकडा) ०२२ असेल तर ग्रुप बरोबर लागूनही फाइल ६४४ च बनणार (ग्रुपला फक्त वाचता येणारी), म्हणजे रड तीच. प्रत्येकाच्या बॅशआरसीमध्ये (शेलच्या सेटिंगची फाइल) उमास्क ००२ टाका, नाहीतर सेटफॅकल कमांडने फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल (नवीन फाइलींना लागणारी परवानग्यांची यादी) लावा. तो लावला की तिथे उमास्क बघितलाच जात नाही. जुन्या फाइलींचा ग्रुप आणि परवानग्या एकदा हाताने बदलाव्या लागतील. आपल्या होम फोल्डरमधून एमव्हीने हलवलेली फाइलही जुनाच ग्रुप घेऊन येते, सीपी (कॉपी) वापरा. ग्रुप बदलल्यावर सगळ्यांनी पुन्हा लॉगिन करायचं, हे कोणीच करत नाही.

बॅकअपवाला: बघा, केवढा खटाटोप! नॅसमध्ये हे सगळं आपोआप.

सांडगीमिरची: कच्चा डेटा ४४४ (सगळ्यांना फक्त वाचता येईल असा) करून टाकायचा, म्हणजे कोणी उडवणार नाही.

उमास्क_उवाच: उडवेल की. फाइल डिलीट करायला फाइलवर नाही, फोल्डरवर लिहायची परवानगी लागते. दुसऱ्याची फाइल उडवता येऊ नये असं हवं असेल तर स्टिकी बिट लावा, ३७७०. तात्पुरत्या फाइलींच्या /टीएमपी फोल्डरवर असतो तोच.

पाऊसवेडी: सगळ्यांचे आभार. थीसिसला २७७० केलं, आमच्या दोघांच्या खात्यात उमास्क ००७ टाकला, छान चाललंय. बाकी डेटासाठी सरांनी सगळ्यांना 'लॅब' हे एकच खातं वापरायला सांगितलं. मालक एकच, त्यामुळे तक्रार बंद.

उमास्क_उवाच: आणि उद्या कोणी काय उडवलं ते कसं शोधणार?

टर्मिनल_तात्या: त्यापेक्षा ७७७ बरं होतं.

पाऊसवेडी: सरांना सांगून पाहिलं. 'सगळे आपलेच आहेत' म्हणाले.