कल्पनारम्य कादंबरी: ठाणे खाडीतलं गाव आणि ‘भांगाचं गाव’ हे नाव

कळव्याची_वाचक
बीएच्या प्रकल्पासाठी छोटी कल्पनारम्य कादंबरी लिहितेय. विटावा आणि ऐरोलीच्या मधे, खाडीच्या चिखलात बुडालेलं गाव आहे. ते फक्त भांगाच्या ओहोटीला वर येतं, म्हणून नाव ‘भांगाचं गाव’. जागा पटते का? आणि नाव वाचून लोकांना नशेची भांग आठवेल का?

डोलकाठी
नावाआधी पाणी बघ. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत, भरती कमी चढते आणि ओहोटीही कमीच उतरते. सगळ्यात खोल ओहोटी उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस. तुझं गाव भांगाला बुडालेलंच राहणार. कोळीवाड्यातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

वेळ काढायची जुनी रीत: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा (प्रत्यक्षात बाराच्या आसपास). त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे उधाणाची ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पडते. गाव तेव्हा वर काढ, संधिप्रकाश फुकट मिळेल. नाव मात्र बदलावं लागेल.

तिवरकाठ
नाव का बदलायचं? गाव उचल. भांगाच्या भरतीरेषेच्या जरा वर, पण उधाणाच्या रेषेखाली ठेव. मग उधाणात दिवसातून दोनदा घरात पाणी, आणि अष्टमीनंतरचे तीन-चार दिवस सलग कोरडे. चूल, लग्न, बाजार, सगळं त्याच दिवसांत उरकायचं. अशा गावाला ‘भांगाचं’ म्हणणं शोभतं.

त्या उंचीवर तिवर (खारफुटीची झाडं) हवेत. चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं उभी, पानांवर मिठाचे कण, जिभेला खारट लागतात. मधे उड्या मारणारे निवटे मासे.

नशेच्या भांगेची भीती नको. ती स्त्रीलिंगी, म्हणून ‘भांगेचं’. तुझा भांग पुल्लिंगी, ‘भांगाचं’. गोंधळ झालाच तर केसांच्या भांगाशी होईल, आणि तो कामाचा आहे: दोन बाजूंना तिवर, मधून पाण्याची रेघ. पहिल्या प्रकरणात कुणा म्हातारीच्या तोंडी एकदा येऊ दे. तळटीप नको.

रूळपट्टी
काळ ठरवलायस का? १६ एप्रिल १८५३ ला गाडी ठाण्यापर्यंतच आली, खाडी ओलांडून कल्याणला १८५४ मध्ये गेली. त्याआधीची गोष्ट असेल तर पुलावरची शिट्टी काढ. रोहित पक्षीही जपून वापर. त्यांचे मोठे थवे या खाडीत १९९० च्या दशकापासूनचे. जुन्या काळाच्या गोष्टीत गुलाबी थवा आला की पक्षीवाले पकडतात.

कळव्याची_वाचक
गाव उचलते. पण माझा मोठा प्रसंग पौर्णिमेच्या मध्यरात्रीचा आहे, देवळात सभा भरते. तो आता काढावा लागेल ना?

डोलकाठी
(तिवरकाठचा तोडगा माझ्यापेक्षा बरा, मान्य.) सभा अष्टमीला न्यायची तर चंद्र अर्धा कर, शुद्ध अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीला तेव्हा उगवतो. पण मी पौर्णिमाच ठेवेन. मध्यरात्री चंद्र डोक्यावर, भरती नेमकी तेव्हाच पूर्ण. सभा दहाला सुरू कर, आणि बाराच्या आत पाणी देवळाच्या उंबऱ्यावरून आत येऊ दे.