पाण्याखालचा बॉम्ब: आत मस्टर्ड (रासायनिक विष) की टीएनटी (स्फोटक), न्यूट्रॉनने कसं ओळखायचं?

तळवेध: बाल्टिक समुद्रात बॉर्नहोम बेटाजवळ 1947 साली सुमारे 32,000 टन रासायनिक दारूगोळा बुडवला. सोनार आणि मॅग्नेटोमीटरला लोखंड सापडतं, पण आत काय भरलंय ते कळत नाही. जमिनीवर कॅलिफोर्नियम-252 (न्यूट्रॉन सोडणारा स्रोत) लावून, न्यूट्रॉन लागल्यावर आतली मूलद्रव्यं जे गॅमा किरण सोडतात त्यांचा वर्णपट घेतात; त्यातल्या रेषांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखतात. तेच पाण्यात का जमत नाही? मस्टर्डमध्ये तर वजनाने 45% क्लोरीन असतो.

गॅमारेषा: घोळ त्या क्लोरीननेच होतो. खाऱ्या पाण्यातही तो आहेच आणि मंद न्यूट्रॉन गिळण्यात पटाईत. नुसत्या पाण्यावर यंत्र रोखलं तरी क्लोरीनची 6.11 MeV ची रेषा दिसते (MeV हे ऊर्जेचं एकक). शेजारी ऑक्सिजनची 6.13. गंधकाची 2.23 हायड्रोजनच्या 2.22 खाली दबते. लँथनम ब्रोमाइडच्या गॅमा शोधकाला हे वेगळं करता येत नाही. शिवाय 14 MeV चे न्यूट्रॉनही 10 सेंमी पाण्यात जेमतेम एक-तृतीयांश न धडकता पार होतात.

अल्फाघडी: म्हणून ड्युटेरियम-ट्रिटियम जनित्र, म्हणजे हे 14 MeV चे न्यूट्रॉन सोडणारं यंत्र. प्रत्येक न्यूट्रॉनच्या उलट दिशेला एक अल्फा कण सुटतो. तो टिपला की दिशा आणि सुटण्याची वेळ दोन्ही हातात. न्यूट्रॉन नॅनोसेकंदाला 5 सेंमी जातो, त्यामुळे ठरावीक 3 नॅनोसेकंदांत आलेलेच गॅमा मोजायचे, ही खिडकी म्हणजे वाटेतला 15 सेंमीचा काप. खरी गंमत पुढे आहे: हायड्रोजनची 2.22 आणि क्लोरीनची 6.11 मंद न्यूट्रॉन गिळल्यावर, म्हणजे मायक्रोसेकंदांनी उशिरा येतात. खिडकीत त्यांचा फक्त योगायोगाने जुळलेला अंश उरतो, आणि वेगवान न्यूट्रॉन धडकताच येणारी गंधकाची रेषा उघडी पडते. मात्र जनित्राचा जोर वाढवून वेळ वाचवायला जाऊ नका. अल्फा आणि गॅमाचे खरे मेळ जोराच्या प्रमाणात वाढतात, योगायोगाचे त्याच्या वर्गाच्या.

तळवेध: आणि टीएनटी? नायट्रोजनची 10.83 तर अगदी एकटी असते ना?

गॅमारेषा: एकटी खरी, पण क्षीण. मंद न्यूट्रॉनसाठी नायट्रोजनचा छेद (न्यूट्रॉन गिळण्याची शक्यता) 0.08 बार्न, क्लोरीनचा 33. खाऱ्या पाण्यात तिच्या भरवशावर राहू नये. खिडकीतल्या कार्बन 4.44 आणि ऑक्सिजन 6.13 यांचं गुणोत्तर बघा. टीएनटीत 37% कार्बन, 42% ऑक्सिजन; मस्टर्डमध्ये ऑक्सिजन नाहीच, गंधक 20%.

अल्फाघडी: फक्त चिखलातही कार्बन असतो, तेव्हा बाजूच्या तळावर त्याच अंतराने, त्याच कोनात कोरी (बॉम्ब नसलेली) मोजणी आधी घ्या. आणि न्यूट्रॉन व गॅमा दोन्हींसाठी हवा भरलेली नळी थेट कवचाला टेकवा. मध्ये 3 सेंमी पाणी शिरलं तरी खिडकीत त्याचाच ऑक्सिजन मोजला जातो आणि मस्टर्डचा गोळा टीएनटीसारखा दिसू लागतो.