सी अर्चिनचा काटा ताठ राहतो तो स्नायूंमुळे का?

प्रश्न
मी नागपुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या प्रयोगशाळेत सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचे एक कोरडे कवच आहे. त्याचे काटे केव्हाच गळले असून आता फक्त गोल उंचवटे दिसतात. जिवंत प्राणी खडकाच्या फटीत काटे रोवून बसला की लाटांनीही सहजासहजी हलत नाही, असे वाचले. इतका वेळ आकुंचित राहिलेला स्नायू थकत कसा नाही?

उत्तर 1
शिंपल्यांच्या कवचाची झडप मिटून धरणारा स्नायू अत्यल्प ऊर्जेत दीर्घकाळ ताण धरून ठेवतो. येथेही तशीच यंत्रणा असावी, असे मला वाटते.

उत्तर 2
हा तर्क स्वाभाविक आहे आणि जुनाही आहे. जीवशास्त्रज्ञ उक्सक्युल यांनी 1900 मध्येच काट्याच्या सांध्याभोवतीचे दोन थर वेगळे ओळखले होते, मात्र आतल्या थरालाही त्यांनी स्नायूच मानले होते. उंचवट्यावर काट्याचा खोलगट तळ बसतो, म्हणजे आपल्या खांद्यासारखाच हा सांधा आहे. बाहेरच्या थरातील स्नायू ज्या बाजूला आकुंचन पावतो, त्या बाजूला काटा कलतो. काटा जागेवर अडकवण्याचे काम मात्र आतला थर करतो. तो मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा असून चेतासंस्थेच्या नियंत्रणाखाली काही क्षणांत कडक किंवा मऊ होतो, आणि असा गुणधर्म कंटकचर्मी प्राण्यांचे (सी अर्चिन, तारामासा यांच्या गटाचे) खास वैशिष्ट्य आहे. या थरात बारीक स्नायुतंतूही असल्यामुळे ताठरपणा त्यांचाच, असा वाद बरीच वर्षे चालला. ताकेमाए आणि मोतोकावा या संशोधकांनी 2005 मध्ये हा थर वेगळा काढून तपासला, तेव्हा ताठरपणातील बदलात त्या स्नायुतंतूंचा वाटा नसल्याचे त्यांना आढळले. म्हणून परीक्षेत ‘स्नायू थकत नाही’ असे लिहू नका. काटा हलवणे स्नायूचे आणि रोखून धरणे संयोजी ऊतीचे, म्हणजे कोलॅजेनच्या आतल्या थराचे, हा भेद स्पष्ट मांडा.

प्रश्नकर्ती
सर, मनापासून आभार. मग आमच्या कवचावरचे काटे गळले, त्याचेही कारण हेच का?

उत्तर 2
होय. प्राणी मेल्यावर दोन्ही थर कुजतात आणि काट्यांना धरून ठेवणारे काहीच उरत नाही. कंटकचर्मी गोड्या पाण्यात राहत नसल्यामुळे नागपूरच्या अंबाझरी तलावात आपल्याला जिवंत नमुना मिळणार नाही, पण तुमच्याकडचे कवच भिंगाखाली अवश्य पाहा. प्रत्येक मोठ्या उंचवट्याच्या टोकावर गुळगुळीत गोटी दिसेल. काटा तिच्यावरच फिरत होता आणि दोन्ही थर तिच्या भोवतीच्या भागाला चिकटलेले होते.