पालक, अंबाडी फ्रीजरमध्ये ठेवताना
ताई, पालक फ्रीजरमध्ये काळपट पडतो आणि गवतासारखा लागतो म्हणालात. तो कच्चाच ठेवल्यामुळे तसं होतं. गारठ्यातही पानांतली विकरं (एन्झाइम, रंग-चव बदलणारे घटक) काम करतच राहतात, ती उकळत्या पाण्यानं थांबतात. पाव किलो निवडलेली पानं 4 लिटर खळखळत्या पाण्यात 2 मिनिटं बुडवा, लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. मग मुठीत घट्ट पिळा. पाणी राहिलं की बर्फाचे खडे होतात नि भाजीचा लगदा. एका वेळेपुरते गोळे चपटे करून, हवा काढून पिशवीत भरा. अंबाडीला तर हे फारच मानवतं, एरवीही आपण ती उकडून, पिळूनच ज्वारीच्या कण्या घालून करतो. वापरताना वितळवू नका, थेट लसणाच्या फोडणीत टाका. लाईट गेल्यानं गोळे मऊ पडले, पण अजून गार असतील, तर लगेच शिजवून टाका.